परवानगीवाले सर

आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांना सगळं गाव 'परवानगीवाले सर' म्हणायचं. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणायचं, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. एकदा बसस्टँडवर एका जुन्या विद्यार्थ्यानं दुरूनच "ओ परवानगीवाले सर" अशी हाक मारली, तर हे थांबले, मागे वळले आणि शांतपणे म्हणाले, "बोला. कशाची पाहिजे?"

मी तिथं मराठी शिकवायला लागले ती तासिका तत्त्वावर. कायम होण्यासाठी पीएच.डी. हवी होती. पहिल्याच आठवड्यात लोकसाहित्यावरचं एक जुनं पुस्तक घेऊन मी त्यांच्या टेबलाशी गेले आणि झेरॉक्स काढून आणते म्हणाले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पानांची जाडी अंगठ्यानं मापल्यासारखी केली आणि विचारलं, "किती पाहिजे?"

"सगळंच."

"सगळं नाही भेटत. एक प्रकरण, एक प्रत, एक माणूस."

मी म्हणाले, संशोधनासाठी आहे. त्यावर ते खुर्चीतून उठून उभे राहिले. ही त्यांची सवय होती. एरवी ते अस्सल वऱ्हाडीत बोलायचे, पण कायद्याचा विषय निघाला की उभे राहायचे आणि छापील मराठी बोलू लागायचे. "संशोधनासाठी वाजवी वापर करण्यास कायद्याची मुभा आहे. मात्र संपूर्ण पुस्तकाची नक्कल हा वाजवी वापर ठरत नाही." मग खाली बसले आणि पुन्हा आपल्या भाषेत आले. "पुस्तक घरी न्या ना मॅडम. पंधरा दिवस ठेवा, महिना ठेवा. टिपणं काढा. टिपण काढलं का डोक्यात जाते, झेरॉक्स काढली का कपाटात जाते."

मला राग आला होता. पण पुस्तक घरी नेलं, टिपणं काढली, आणि आज इतक्या वर्षांनी त्या पुस्तकातलं मला जेवढं आठवतं तेवढं झेरॉक्स काढलेल्या एकाही पुस्तकातलं आठवत नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

उंच, काटकुळे, मानेत किंचित वाकलेले. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लोकांना वाटायचं लाल पेन चुका काढायला आहे. तसं नव्हतं. ते स्वतःचं वाक्य निळ्यानं लिहायचे आणि दुसऱ्याचं लालनं. साधी टिपणवही असो की किराण्याची यादी, हा नियम मोडायचा नाही. किराण्याच्या यादीत बायकोनं सांगितलेल्या वस्तू लाल आणि यांना स्वतःला आठवलेल्या निळ्या. ती यादी मी डोळ्यांनी पाहिली आहे. सगळी लाल होती, फक्त शेवटी 'खडीसाखर' तेवढी निळी.

स्टाफरूममध्ये त्यांच्यापुढं विनोद सांगायची सोय नव्हती. सांगणाऱ्याचं संपलं की हे विचारायचे, "तुमचा का ऐकलेला?" ऐकलेला असला तर कोणाकडून. नाव कळेपर्यंत हसायचे नाहीत. नाव कळलं की मग मनापासून हसायचे, तोवर बाकीच्यांचं हसून झालेलं असायचं. स्वतः सांगायचे तेव्हा सुरुवातच अशी, "हा माझा नव्हे, दारव्ह्याच्या आमच्या साळ्याचा आहे. त्याइनं सांगायला हरकत नाही म्हटलं." विनोद कधीच फारसा चांगला नसायचा. पण ती प्रस्तावना ऐकूनच आम्ही हसायचो, आणि त्यांना वाटायचं साळ्याचं नाव झालं.

कॉलेजच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली झेरॉक्सचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या चाचांचं आणि सरांचं वैर गावाला माहीत होतं. सर दिवसातून एकदा तरी दुकानापाशी जायचे आणि मशीनच्या तोंडातून काय बाहेर पडतंय ते बघायचे. चाचा म्हणायचे, "सर, पोलीस भी इतना नहीं आता." सर म्हणायचे, "पोलिसाले वाचता कुठं येते?"

एका वर्षी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचं पुस्तक बाजारातून गायबच झालं. परीक्षा महिन्यावर आली होती. मुलांनी कुठून तरी एक प्रत मिळवली आणि चाचांकडे चाळीस प्रतींची ऑर्डर दिली. सरांना कळलं. ते दुकानात गेले आणि मशीनच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले. मी तेव्हा तिथंच माझ्या प्रश्नपत्रिकेची प्रत घ्यायला गेले होते.

चाचा म्हणाले, "सर, पोट्टे फेल झाले तर तुमचा कायदा पेपर लिहून देईल का?"

सरांनी झाकणावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "दोन दिवस थांबा. तिसऱ्या दिवशी मी स्वतः तुमच्या मशीनपाशी बसतो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं ते नागपूरला गेले. प्रकाशकाला गाठलं. पुस्तक संपलंय, पुन्हा छापायचा विचार नाही, एवढं त्याच्याकडून लिहून घेतलं. मग पत्ता काढत लेखकाच्या घरी गेले. लेखक म्हणजे निवृत्त झालेले एक म्हातारे प्राध्यापक, आपलं पुस्तक अजून कुणी शिकवतं हे ऐकूनच ते गहिवरले म्हणे. त्या वर्षापुरती, आमच्या कॉलेजच्या मुलांपुरती परवानगी त्यांनी लिहून दिली. संध्याकाळी सर परत आले ते दोन कागद छातीच्या खिशात घेऊन. तिसऱ्या दिवशी सकाळपासून दुकानात स्टुलावर बसले आणि प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर लेखकाचं नाव आणि ते पत्र लागलंय की नाही हे तपासत राहिले. चाचांनी त्यांना तीन वेळा चहा पाजला. त्या पत्राची एक प्रत चाचांनी लॅमिनेट करून भिंतीवर लावली, आणि पुढे पुढे तर मुलगा कुठलं जाड पुस्तक घेऊन आला की चाचाच चष्म्यावरून बघत विचारू लागले, "परमिशन है क्या?"

सर फक्त अडवणारे होते असं कुणाला वाटू नये. जे चालतं तेही त्यांना तितकंच पाठ होतं. एकदा प्राचार्य घाबरले, प्रश्नपत्रिकेत कवितेच्या आठ ओळी घेतल्या तर गुन्हा होईल का म्हणून. सर उभे राहिले, "परीक्षेच्या प्रश्नासाठी बिनधास्त घ्यावे. कवीचे नाव मात्र गाळू नये," म्हणाले आणि बसले. कापसाच्या जुन्या देशी वाणांवरचं एक पुस्तक ग्रंथालयात होतं, वाळवीनं अर्धं खाल्लेलं, बाजारात कुठंच न मिळणारं. त्याच्या त्यांनी आपणहून प्रती काढून घेतल्या. तीन. मी विचारलं तीनच का, तर म्हणाले, "ग्रंथालयाले तीनच सांगितल्या हायेत. चौथी कोणी मागितली तर त्याले तिसरी देऊ."

ती कापसाच्या संकटाची वर्षं होती. जिल्ह्यात बाहेरून माणसं यायची. पुण्या-मुंबईची, दिल्लीची. जीपमधून उतरायची, हातात प्रश्नावल्या घेऊन गावोगाव फिरायची आणि संध्याकाळी आमच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळायला बसायची. सर त्यांना मनापासून मदत करायचे. फाइली काढून द्यायचे, पाणी द्यायचे. आणि निघताना एकच विचारायचे, "ज्याइच्या घरी जाऊन बसता, त्याइले तुमचं पुस्तक पाठवता का?" बहुतेक जण पिशव्या आवरायला लागायचे. सर त्यांचे पत्ते लिहून घ्यायचे आणि वर्षानं प्रत्येकाला पोस्टकार्ड टाकायचे, की आपण आमच्या जिल्ह्यातून जे नेलं त्याचं काय झालं ते कळवावं, प्रत असल्यास पाठवावी. काहींनी पाठवल्या. खिडकीखालच्या कपाटात त्यांचा एक कप्पा होता. त्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती, 'परत आलेली.' माझ्या आठवणीप्रमाणं त्यात अकरा पुस्तकं होती.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायला मला अजूनही जड जातं.

माझ्या वर्गात आर्णीकडच्या एका तांड्यावरची मुलगी होती. तिची आजी बंजारा गाणी फार सुंदर म्हणते असं तिच्याकडून कळलं. पीएच.डी.साठी मला विषय हवाच होता. मी टेपरेकॉर्डर घेऊन तांड्यावर जायला लागले. बायका माझ्याभोवती जमायच्या, गाणी म्हणायच्या, मी टेप करून घ्यायचे. ती आजी, तिला सगळे याडी म्हणायचे, याडी म्हणजे आई, ती तर एकदा सुरू झाली की थांबायची नाही. तिनं एक ढावलो म्हटला होता. ढावलो म्हणजे मुलगी सासरी निघताना मायलेकींनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत म्हणायचं गाणं. तसा ढावलो मी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता. त्यात रीतीचे शब्द थोडे होते आणि याडीचे स्वतःचे जास्त. माझं अख्खं चौथं प्रकरण त्या एका गाण्यावर उभं राहिलं. माझे मार्गदर्शक ते वाचून म्हणाले होते की या प्रकरणावर तुमची पदवी नक्की.

प्रबंध टंकायला देण्याआधी संदर्भ तपासून घ्यावेत म्हणून मी हस्तलिखित सरांकडे नेलं. संदर्भ तपासण्यात त्यांच्यासारखा माणूस नव्हता. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. हस्तलिखित समोर उघडं होतं.

"मॅडम, हे गाणं कोणाचं?"

"लोकगीत आहे, सर."

"म्हंजे कोणाचं?"

"लोकांचं."

"नाव सांगा."

"लोकगीताला नाव नसतं, सर. ते समूहाचं असतं. सगळ्या पुस्तकांत असंच देतात."

"तुमच्या टेपात समूह गाऊन राह्यला का एक बाई?"

मी जरा तावातच म्हणाले, कायद्यात लोकगीताबद्दल काही नाही. मी वाचून आले होते. सर उभे राहिले. "लोकगीताबद्दल नाही. गाणाऱ्याबद्दल आहे. गाणे कोणाचेही असो, गाणाऱ्याच्या संमतीवाचून त्याचे गायन ध्वनिमुद्रित करता येत नाही." मग बसले. "तुम्ही त्याइले विचारलं होतं?"

"विचारलं होतं ना. त्या आपणहून म्हणाल्या."

"काय विचारलं?"

"गाणी म्हणता का म्हणून."

"छापू का म्हणून?"

सरांनी हस्तलिखित बंद केलं. "रविवारी जाऊन येऊ. मीही येतो. मले कोणी तुमच्यासंगं यायला सांगितलं नाही, पण येतो."

त्या रविवारी आम्ही एस.टी.नं आर्णीला गेलो, तिथून जीपनं फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. कापूस वेचणीचे दिवस होते. तांड्यावर कुणी नव्हतं, सगळ्या बायका शेतात. आम्ही शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहिलो. दुपारी बायका भाकरी खायला आल्या. सरांनी पिशवीतून कागद काढले. त्यांनी स्वतःच्या हातानं एका वाक्याचा मजकूर लिहून आणला होता, 'माझं गाणं माझ्या नावानं छापायला माझी हरकत नाही.' तो त्यांनी वाचून दाखवला. बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "बापू, गाण्याले कायचा कागद?" सर म्हणाले, "वावराले असते का नाही? तसा."

मग त्यांनी मला टेप लावायला सांगितला. एकेक गाणं लावायचं, ज्या बाईचा आवाज तिला विचारायचं, ती हो म्हणाली तर नाव लिहायचं आणि अंगठा घ्यायचा. स्वतःचा आवाज ऐकून बायका तोंडाला ओढणी लावत होत्या, एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. आपलं नाव पुस्तकात छापलं जाणार म्हटल्यावर एकीनं ते तीन वेळा म्हणून दाखवलं, लिहिताना चुकू नये म्हणून. दुसरी म्हणाली, "माह्यं नाव नको टाकू. हे गाणं माह्या मोठ्या बहिणीनं शिकवलं. तिचं टाक." सरांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. आयुष्यभर ते स्टाफरूममध्ये जे शोधत होते ते त्यांना धुऱ्यावर सापडलं होतं. त्यांनी लाल पेन काढून दोघी बहिणींची नावं लिहिली.

शेवटी ढावलोची वेगळी कॅसेट लावली. याडी समोरच बसली होती, हातावर भाकरी घेऊन. दोन ओळी झाल्या आणि तिनं भाकरी खाली ठेवली. गाणं संपेपर्यंत ती टेपकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ई मारो छ." हे माझं आहे.

सर हळू आवाजात म्हणाले, "हो, याडी. तुमचंच. म्हणून विचारायला आलो. पुस्तकात टाकू का?"

"नोको."

मला वाटलं तिला नीट समजलं नाही. मी पुढे सरकले, म्हणाले, याडी, तुमचं नाव येईल, मोठमोठे लोक वाचतील. ती माझ्याकडे वळली आणि मराठीत, मला समजावं म्हणून सावकाश बोलली. "हे माह्या पोट्टीचं हाये. तिच्या लग्नात म्हटलं होतं. पहिल्या बाळंतपणात गेली ती. त्या दिवशी तू म्हण म्हण म्हटलं, मी तिची याद आली म्हणून म्हटलं. पुस्तकासाठी नाही म्हटलं."

तिची लेक म्हणजे माझ्या विद्यार्थिनीची आत्या. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात तिच्या लेकीचा विचार नव्हता. चौथ्या प्रकरणाचा होता. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, त्या नाही म्हणाल्या."

एवढंच. आवाज चढवला नाही, उभे राहिले नाहीत. मग टेपरेकॉर्डरमधली कॅसेट काढायला त्यांनी मला खुणावलं. मी काढली. त्यांनी ती याडीच्या हातात दिली. तिच्याकडे ती वाजवायला काही नव्हतं, तरी तिनं ती ओढणीच्या टोकात बांधली आणि भाकरी उचलून खाऊ लागली. थोड्या वेळानं मलाही अर्धी दिली.

परतीच्या एस.टी.त मी सरांपासून दूर, मागच्या बाकावर जाऊन बसले. पुढचा महिनाभर ग्रंथालयाची पायरी चढले नाही. कॅसेट गेली तरी गाण्याचे शब्द माझ्या वहीत होतेच. मार्गदर्शकांना सांगितलं तर ते म्हणाले, "एवढं प्रकरण कुणी सोडतं का? गावाचं नाव बदला. त्या बाईला कुठं कळणार आहे?" मी तसं करायचं ठरवलंही होतं. गावाचं नाव बदलून प्रकरण टंकून घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. ती मुलगी नेहमीसारखी तिसऱ्या बाकावर वही उघडून बसली होती. तिनं विचारलं, "मॅडम, आजी विचारत होती, पुस्तक झालं का तुमचं?" मी नाही म्हणाले. आणि त्या दुपारी चौथं प्रकरण काढून टाकलं.

प्रबंध एक वर्ष लांबला. त्या जूनमध्ये आमच्याकडची मराठीची कायम जागा भरली गेली, ती दुसऱ्या बाईंना मिळाली. मी दार लावून रडले. सरांनी मला समजावलं नाही, माफीही मागितली नाही. फक्त एके दिवशी चपराशाबरोबर पुस्तकांचा एक गठ्ठा पाठवला, वर लाल अक्षरात चिठ्ठी, 'हे गाणं माह्या मोठ्या बहिणीनं शिकवलं. तिचं टाक.' ते त्या धुऱ्यावरच्या बाईचं वाक्य होतं. खाली निळ्यानं लिहिलं होतं, 'कोण कोणाकडून शिकलं, यावर प्रकरण होईल का?'

झालं. मी पुन्हा तांड्यावर गेले, या वेळी गाणी मागायला नाही. कोणतं गाणं कुणाच्या माहेराहून आलं, कुणाच्या सासूनं शिकवलं, कुणी मधल्या दोन ओळी स्वतः घातल्या, हे विचारत राहिले. बायका गाण्यांपेक्षा हे जास्त आनंदानं सांगायच्या. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक त्या प्रकरणावर पाऊण तास बोलत बसले. पुढे दोन वर्षांनी दुसरी जागा निघाली आणि मी कायम झाले. हे सगळं सरांमुळं झालं असं मी म्हणत नाही. ते वर्ष माझं गेलं ते गेलंच. पण ती दोन्ही प्रकरणं आज समोर ठेवली तर मी कोणतं निवडेन हे मला माहीत आहे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरांनी एक पुस्तिका लिहिली. 'विचारून घ्या.' सोळा पानांची, हातानं लिहिलेली. शिकवणाऱ्यानं काय उचलावं, संशोधकानं कुठं थांबावं, ग्रंथालयानं किती प्रती काढाव्यात, परवानगीचं पत्र कसं लिहावं, सगळं सोप्या मराठीत. चाचांनी ती आपल्या मशीनवर छापून दिली. सरांनी एका कार्यशाळेत ती वाटली आणि विसरून गेले.

दीड-दोन वर्षांनी कॉलेजात वरून एक मार्गदर्शिका आली. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, आत कुठल्याशा समितीच्या सात सदस्यांची नावं. विषय तोच, अध्यापन, संशोधन आणि ग्रंथालयासाठी कॉपीराइट. मी दोन पानं वाचली आणि थबकले. वाक्यन् वाक्य सरांचं होतं. उदाहरणंसुद्धा. त्यांचं नाव कुठंच नव्हतं. मी तशीच ग्रंथालयात धावले.

सरांनी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते म्हणाले, "पान नऊवर एक ओळ सुटली."

"सर, अख्खी पुस्तिका तुमची आहे."

"ते दिसून राह्यलं मले. पण ही ओळ सुटली. 'कायदा जिथे काही सांगत नाही, तिथेही माणसाला विचारावे.' उतरवताना नजर खाली गेली असंल. आता एवढ्या कॉलेजांत हे असंच जाईल."

त्यांनी लगेच पत्र लिहायला घेतलं. विषय, पान नऊवरील सुटलेली ओळ. मी म्हणाले, नावाबद्दल लिहा. ते नको म्हणाले. मी हटले नाही, टेबलापाशी उभीच राहिले. शेवटी त्यांनी पेन बदललं आणि पत्राच्या तळाशी लाल शाईत लिहिलं, 'आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेचे म्हणणे असे आहे की प्रस्तुत मार्गदर्शिकेत मूळ लेखकाचे नाव असावयास हवे होते.' म्हणणं माझं होतं, म्हणून लाल.

तीन महिन्यांनी शुद्धिपत्र आलं. त्यात ती ओळ होती. नाव नव्हतं. सरांनी ते सूचनाफलकावर लावलं आणि दिवसभर खुशीत होते. संध्याकाळी कुलूप लावताना मी विचारलं, "सर, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

त्यांनी कुलूप ओढून पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली. "लागलं ना. कायले खोटं बोलू? चार दिवस जेवण गेलं नाही. पण ओळ आली."

निवृत्त झाल्यावर ते राळेगावला आपल्या गावी गेले. पत्रं यायची, दोन रंगांतली. मग पत्रं थांबली आणि एक दिवस चाचांनीच मला दुकानातून हाक मारून सांगितलं की सर गेले. मशीन त्यांनी दिवसभर बंद ठेवलं होतं.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी राळेगावला गेले. सरांच्या पत्नी ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, काय काय लिहिणार आहे ते. तांडा सांगितला, मार्गदर्शिका सांगितली. त्या मधूनमधून हसत होत्या, एकदा पदरानं डोळे पुसले. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "लिहा. खरंच हाये सगळं."

मी म्हणाले, "सरांचं नाव एकदा तरी छापून यावं असं मला वाटतं. टाकू ना?"

त्यांनी सुपातली तूर सारखी केली. "पंचेचाळीस वर्षं संसार केला, पन मी त्याइचं नाव तोंडानं घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. ते मी माह्याजवळ ठेवलं हाये. पुस्तकात नका टाकू."

मी हातातलं पेन बंद केलं आणि त्यांच्याजवळ बसून तूर निवडायला लागले.